‘थोडं कापणारच’ हे खोटं आहे

“सेफ्टी रेझर म्हटला की थोडं कापणारच.” हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय, की आता त्याला सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. ऑफिसात ऐकलं, गणपतीला जमलेल्या पाहुण्यांत ऐकलं, दाढीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात काउंटरपलीकडून ऐकलं. सांगणारे दोन तटांवरचे असतात. एका तटाचं म्हणणं, त्या रेझरच्या वाटेला जाऊच नका, पाच पात्यांचं कार्ट्रिज घ्या आणि निर्धास्त राहा. दुसरा तट त्या रेझरच्या भक्तांचा. ते नवशिक्याला धीर देतात, की पहिला महिनाभर रक्त निघतं, मग हात बसतो. दोघं एकमेकांशी कडाकडा भांडतात, पण दोघांनी एक गोष्ट बिनतक्रार मान्य केलेली असते: कापणं हा या रेझरचा स्वभावच आहे.

मला ते अजिबात मान्य नाही. नीट शिकवलं तर या रेझरनं पहिल्या दिवशीही कापत नाही. कापतं, कारण आपण मुलांच्या हातात रेझर देतो आणि शिकवत काहीच नाही.

सलूनमधली रविवारची सकाळ आठवा. कारागीर पुडीतून ब्लेड काढतो, कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो. ते ब्लेड म्हणजे तुमच्या सेफ्टी रेझरमधलंच ब्लेड. फरक इतकाच, की इथे त्याच्यावर टोपी नाही आणि खाली पट्टीही नाही. धार सगळी उघडी. त्या उघड्या धारेखाली गळा देऊन निम्मी गिऱ्हाइकं डुलक्या घेत असतात. ब्लेडचा स्वभावच कापायचा असता, तर एकाही खुर्चीत कुणाला झोप लागली नसती. तिथे कापत नाही, कारण त्या कारागिराला कुणीतरी शेजारी उभं राहून, हात धरून शिकवलेलं असतं. मग तेच ब्लेड दोन पत्र्यांच्या मध्ये बंद करून, जेमतेम केसभर धार बाहेर ठेवून आपल्या हातात आलं, की ते एकाएकी खुनशी कसं होतं?

माझ्या वडिलांनी मला रेझर दिला, पण शिकवलं नाही. आमच्या लहानपणी बहुतेक घरांत तसंच होतं. खिडकीच्या गजाला आरसा अडकवलेला, कट्ट्यावर पितळी वाटीत गरम पाणी, साबणाची वडी आणि ब्रश. ते मान तिरपी करून गालावरून रेझर खाली आणत, तो खरखर आवाज मला अजून आठवतो. मी दारात उभा राहून वर्षानुवर्षं पाहिलं. गाल कसा ताणतात, फेस कुठे दोनदा लावतात, ओठावरच्या भागाशी श्वास कसा धरतात, सगळं पाठ झालं होतं. आणि तरी सतराव्या वर्षी पहिल्याच दाढीत हनुवटी दोन जागी कापून घेतली, कारण महत्त्वाची गोष्ट बघून कळतच नाही. त्यांचा हात गालावर किती जड पडतो, ते दारातून कसं दिसणार? हाताचा दाब डोळ्यांना दिसत नाही, तो सांगावाच लागतो. “होतं असं सुरुवातीला,” एवढंच मला सांगितलं गेलं. पुढची वीस वर्षं मी कार्ट्रिज वापरलं आणि गळ्यावर बारीक लाल फोड बाळगले.

आता ब्लेड कातडी कशी कापतं ते बघू, कारण या वादात ते कुणी विचारतच नाही. ज्यांच्या घरी विळी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पिकलेला टोमॅटो विळीच्या पात्यावर नुसता ठेवला तर चिरत नाही, दाबला तर चेपतो, आणि पात्यावरून जरासा ओढला की सर्रकन दोन फोडी. धार आपलं काम करते ती तिच्या लांबीच्या दिशेनं काहीतरी सरकलं की. गालावरही तेच. रेझर सरळ खाली येतो तेव्हा ब्लेड आडवं असतं, ते केस छाटतं आणि कातडीवरून पुढे जातं. पण हात जरासा बाजूला घसरला, ब्लेड आपल्याच लांबीच्या रेषेत दोन मिलिमीटर जरी सरकलं, की रेघ उमटली. दाढी करताना होणारे लांब काप जवळजवळ सगळे असे असतात. बाकीचे, टिपक्यासारखे, येतात दाबामुळे: दाबलेली कातडी ब्लेड आणि खालची पट्टी यांच्यामधल्या फटीत फुगून वर येते आणि तिचा शेंडा छाटला जातो. ही दोन कारणं सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि ती न सांगता आपण महिनाभर रक्त काढू देतो.

दाबाची सवय लागली कुठून, तेही सांगतो. कार्ट्रिजचं डोकं मानेवर हलणारं असतं, कोन ते स्वतः सांभाळतं, त्यामुळे आपण बिनदिक्कत दाबतो आणि ते चालून जातं. तोच हात सेफ्टी रेझरवर आला, की घात होतो. इथे कोन आपण धरायचा आणि दाब द्यायचाच नाही. रेझर पितळेचा किंवा पोलादाचा असतो, त्याच्या डोक्याचं वजन केस कापायला पुरतं.

माझा भाचा बारावीची परीक्षा संपवून सुट्टीला आला, तेव्हा मी हे त्याला शिकवलं. कार्ट्रिजनं तो वर्षभर दाढी करत होता. रेझरमध्ये ब्लेड लावण्याआधी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून बेसिनशेजारी ठेवला आणि म्हटलं, रोज गालावर जितका जोर लावतोस, तितका या काट्यावर लाव. काट्यानं तीनशे ग्रॅमच्या वरचा आकडा दाखवला. अख्ख्या रेझरचं वजन आहे ऐंशी ग्रॅम. मग म्हटलं, आता नुसता टेकव, दांडा उदबत्ती धरावी तसा बोटांच्या टोकांत धर. आकडा पन्नासच्या खाली आला. तो काट्याकडे बघत राहिला.

“मामा, एवढं हलकं धरलं तर केस कापणार कसे?”

“लावून बघ.”

ब्लेड लावायलाही शिकावं लागतं. आखूड कडांना धरायचं, लांब कडांना बोट लावायचं नाही. वरच्या टोपीच्या खुंट्यांवर ब्लेड बसवायचं, खालची पट्टी ठेवायची, दांडा फिरवून आवळायचा, आणि मग रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून दोन्ही बाजूंनी ब्लेड सारखंच बाहेर आलंय का ते बघायचं. एका बाजूला जास्त डोकावत असेल तर सोडून पुन्हा बसवायचं. मी असे कितीतरी जण पाहिलेत, ज्यांना नेहमी एकाच बाजूनं कापायचं आणि ते स्वतःच्या हाताला दोष देत बसायचे.

नंतर गाल. आदल्या दिवसाचे खुंट बोटांनी चाचपायला लावले: हात ज्या दिशेला सुळकन जातो तो केसांचा कल, जिथे बोटाला टोचतं ती उलटी दिशा. गालावर कल खाली असतो, पण जबड्याखाली त्याच्या मानेवर भोवरा निघाला, डावीकडे आडवा आणि उजवीकडे चक्क वर जाणारा. वर्षभर तो मानेवर वरून खाली रेझर ओढत होता, म्हणजे अर्ध्या मानेवर पहिल्याच हाताला उलटी दाढी. त्याच्या मानेवरच्या पुरळाचं कारण तिथंच सापडलं. कोनासाठी एकच खूण सांगितली: दांडा गालाशी काटकोनात धरून टोपी गालाला टेकव, मग दांडा हळूहळू खाली आण, आणि ब्लेड केसाला लागल्याचा आवाज आला की थांब. तो कोन साधारण तीस अंशांचा असतो, पण अंश मोजायला कुणी जात नाही. कान पुरतो. इंच-दीड इंचाचे छोटे हात, हात संपला की रेझर उचलायचा, बाजूला सरकवायचा नाही. पहिला आठवडा त्यानं फक्त दोन्ही गाल या रेझरनं केले आणि हनुवटी, ओठ, गळा जुन्या कार्ट्रिजनं. दुसऱ्या आठवड्यात मान आली, तिसऱ्यात हनुवटी आणि ओठ. कंठमण्याशी कातडी बोटानं बाजूला, सपाट जागेवर ओढून घ्यायची, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. महिना संपला, तुरटीचा खडा रोज फिरला, पण रक्त थांबवायला एकदाही लागला नाही.

तुरटीचं काम वेगळंच आहे. धुतलेल्या चेहऱ्यावर ओला खडा फिरवला, की जिथे झोंबतं तिथे आज दाब जास्त पडला असं समजावं. डोळ्यांना न दिसणारा दाब इथे चेहऱ्यावर लिहिलेला मिळतो.

फेस लावण्याआधी केस भिजले पाहिजेत, आणि भिजायला दोन-तीन मिनिटं लागतात. आपल्याकडे आधी दाढी आणि मग अंघोळ अशी रीत आहे, अंघोळ झाल्यावर दाढी करायला ज्येष्ठ मंडळी आजही नाखूश असतात. रीत मोडायची गरज नाही. गरम पाण्यात पिळलेला पंचा तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. आमच्या नाभिक मंडळींना हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे.

“जुनं ते धोकादायक” म्हणणाऱ्यांनी या अवजाराची जन्मकथा बघावी. अठराव्या शतकात ज्याँ-जॅक पेरे या फ्रेंच कारागिरानं वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवलं, ते सुताराच्या रंध्यावरून सुचून. रंध्याचं पातं लाकडात घुसत नाही, कारण त्याचा बारीकसा काठच बाहेर असतो. सेफ्टी रेझर म्हणजे गालावरचा रंधा. १८८० मध्ये अमेरिकेत कँफे बंधूंनी त्याचं एक रूप विकायला काढलं, आणि किंग कँप जिलेटला १९०४ मध्ये पातळ, बदलता येणाऱ्या ब्लेडच्या रेझरचं पेटंट मिळालं. इतक्या पातळ पत्र्याला धार टिकेल असं पाणी कसं द्यायचं, हा खरा अवघड प्रश्न विल्यम निकरसन या अभियंत्यानं सोडवला. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी ६० लाख ब्लेडची मागणी नोंदवली. छावणीत अठरा-वीस वर्षांची पोरं थंड पाण्यावर याच रेझरनं दाढी करायला लागली. ज्याला आज ‘अनुभवी लोकांचं काम’ म्हणतात, ते मुळात न्हाव्याविना, घरच्या घरी, कुणालाही जमावं म्हणून घडवलेलं अवजार आहे.

आता अनेक पात्यांच्या सुरक्षिततेकडे येतो. दोन पात्यांचा रेझर १९७१ मध्ये आला, तीन पात्यांचा १९९८ मध्ये, पाच पात्यांचा २००६ मध्ये. त्यामागची कल्पना अशी: पहिलं पातं केसाला धरून किंचित बाहेर ओढतं, तो मागे सरकायच्या आत पुढचं पातं त्याला आणखी खाली छाटतं. हात फिरवल्यावर गाल लोण्यासारखा लागतो, हे खरंच. पण छाटलेला केस मागे सरकतो तो कातडीच्या पातळीखाली. केस कुरळा असेल तर पुन्हा वाढताना तो सरळ बाहेर न येता आतच शिरतो, आणि फोड उठतो. त्वचारोगाच्या पुस्तकांत याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी असं नाव आहे. उलटी, फार खोल दाढी केली तर एका ब्लेडनंही हे होतं, ते मी लपवत नाही. पण एका हातात पाच पाती फिरवणं म्हणजे त्याच जागी पाचदा घासणं. रक्त दिसलं नाही म्हणून इजा झाली नाही असं समजणं ही मोठी फसवणूक आहे, मी ती वीस वर्षं गळ्यावर वागवली. आणि २०१० मध्ये जिलेटनं खास भारतासाठी ‘गार्ड’ काढला, १५ रुपयांचा रेझर आणि ५ रुपयांचं कार्ट्रिज, तेव्हा त्यात पाती किती होती? एक. कारण अर्थात किंमत होतं, पण किंमत एवढंच नाही: इथला माणूस चार दिवसांची वाढलेली दाढी भांड्यातल्या थोड्याशा पाण्यावर करतो, आणि दाटीवाटीच्या पात्यांत तो केस अडकून बसतो. ज्या कंपनीनं पाती वाढवत नेली, तिलाच इथे एका पात्यावर यावं लागलं.

आणखी एक समज घरोघरी आहे, की जुनं झालेलं ब्लेड मवाळ असतं, नवं कापतं. हे साफ उलटं आहे. बोथट विळीच बोट कापते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की हात निसटतो. पोलादाच्या मानानं केस सुमारे पन्नास पट मऊ, तरी तो धार खातो कसा, हे २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं. धार नुसती झिजत नाही. केस वाकतो, धारेतल्या एखाद्या कमकुवत ठिकाणी ताण एकवटतो आणि तिथला बारीक टवका उडतो. म्हणजे जुनं ब्लेड मवाळ झालेलं नसतं, दातेरी झालेलं असतं. चार-पाच दाढ्यांनंतर ते बदला. एक ब्लेड कटिंग चहापेक्षा स्वस्त मिळतं, पाच पात्यांच्या एका कार्ट्रिजला शंभराच्या पुढे मोजावे लागतात, आणि म्हणूनच माणसं ते कार्ट्रिज महिना-महिना रेटतात.

विरोधकांचा एक मुद्दा वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, शस्त्रक्रियेआधी रेझरनं केस काढणं इस्पितळांनीही थांबवलं. बरोबर आहे. १९७१ मध्ये सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रेझर वापरलेल्या रुग्णांत जखमेला संसर्ग होण्याचं प्रमाण ५.६ टक्के होतं, तर केस न काढलेल्या किंवा क्रीमनं काढलेल्या रुग्णांत ०.६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१६ मध्ये शस्त्रक्रियेआधी रेझर वापरू नका असंच सांगितलं. पण हा पुरावा ‘रेझर’ या जातीविरुद्ध आहे, कार्ट्रिजच्या बाजूनं नाही. धार कातडीवरून गेली की सूक्ष्म ओरखडे राहतातच, पात्यांची संख्या काहीही असो. म्हणून तर हात कमी फिरवा, दाब सोडा, उलटी दाढी टाळा असा माझा आग्रह आहे. ज्यांना हे झेपणारं नाही त्यांनी हट्ट करू नये: हात थरथरतो, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या आहेत, तर इलेक्ट्रिक ट्रिमर बरा.

भक्तांवर माझा राग जास्त आहे, कारण ते आमच्याच बाजूचे म्हणवतात. एखादा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे शिकायला येतो, आणि ते त्याला पहिल्याच दिवशी तीनदा हात फिरवायला सांगतात: एकदा कलानं, एकदा आडवा, एकदा उलटा. त्याच्या कोवळ्या कातडीला पहिला हात पुरे असतो. एका हातात केस निम्मे झाले, दुसऱ्यात आणखी कमी झाले, तर दाढी झाली. गाल काचेसारखा झालाच पाहिजे हा हट्ट कुणासाठी? संध्याकाळी खुंट पुन्हा येणारच आहेत. त्यातून कापलं, की हे म्हणतात, रक्त आलं म्हणजे आता तू पुरुष झालास. असल्या वाक्यांनी मुलं दुखणं गिळायला शिकतात आणि विचारायचं सोडतात. माझ्या भाच्यानं विचारलं, “एवढं हलकं धरलं तर कापणार कसे?” तो प्रश्न सतराव्या वर्षी मी विचारला असता, आणि कुणी उत्तर दिलं असतं, तर वडिलांचाच रेझर आज माझ्या हातात असता. तो कधीतरी भंगारात गेला.

कापण्याची चर्चा करणारे दोन्ही तट एका हाताचा उल्लेख कधीच करत नाहीत. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून आपण सुक्या कचऱ्यात टाकतो. तो कागद कचऱ्यात मोकळा होतो, आणि पुढे ते ब्लेड कचरावेचक बाईच्या तळव्यात शिरतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं १९९३ पासून या मजुरांना संघटित केलं, ओळखपत्रं मिळवून दिली, पण त्यांच्या बोटांवरचे काप आपल्या बाथरूममधून जातात आणि ते थांबवणं आपल्याच हातात आहे. कार्ट्रिजही निर्दोष नाही. प्लास्टिकात रुतलेली ती पाती भंगारवाला वेगळी करून घेत नाही. सुटं पोलादी ब्लेड निदान साठवता येतं.

भाच्याला मी पहिल्या दिवशीच पत्र्याचा एक बंद डबा दिला. झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडलेली, झाकण चिकटपट्टीनं चारही बाजूंनी बंद. जुन्या घरांत माणसं हेच ब्लेड पेन्सिलीला टोक काढायला आणि शिवण उसवायला ठेवून देत, म्हणजे ते कुठे आहे हे घरात सगळ्यांना माहीत असे. डब्याचंही तसंच, तो बेसिनच्या वर सगळ्यांना दिसेल असा आहे. पाच दाढ्यांना एक ब्लेड धरलं तरी भरायला त्याला वर्षं लागतील. माझा स्वतःचा डबा गेल्या दिवाळीआधी भरला. त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत ‘आत ब्लेड आहेत’ असं लिहिलं आणि सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरून हलवून पाहिला, आणि मोठ्या पोत्यात न टाकता गाडीच्या दांडीला लटकवलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवला.